उन्हापासून जनुकापर्यंत

दुपारचं ऊन उघड्या हातावर पडतं तेव्हा त्वचेत एक विलक्षण घडामोड सुरू होते. त्वचेच्या पेशींत कोलेस्टेरॉलशी जवळचं नातं असलेला एक पदार्थ असतो. उन्हातले यूव्ही-बी किरण त्याच्यावर पडले की त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं. मग नुसत्या अंगाच्या उबेनं तो रेणू वळतो आणि त्याचं ड जीवनसत्त्व होतं. बंद खिडकीच्या काचेआड बसून हे घडत नाही, कारण काच हे किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. सूर्य खाली असताना वातावरणच ते गाळून टाकतं.

त्वचेत तयार झालेलं हे द्रव्य अजून कामाचं नसतं. यकृतात त्याच्यावर पहिला संस्कार होतो. आपल्या रक्ततपासणीत मोजतात ते हेच रूप. मूत्रपिंडात दुसरा संस्कार होतो, तेव्हा त्याचं कॅल्सिट्रायॉल बनतं. आता त्याला जीवनसत्त्व म्हणणंही अपुरं आहे, कारण ते हार्मोनसारखं वागतं. ते थेट पेशीच्या केंद्रकात शिरतं, तिथल्या खास ग्राहक प्रथिनाला बिलगतं आणि ती जोडी डीएनएवर जाऊन बसते. शेकडो जनुकांचं काम त्यामुळे कमी-जास्त होतं. आतड्यानं कॅल्शियम किती शोषायचं हे त्यातून ठरतं, तसंच पेशीनं वाढ कधी थांबवायची, हेही.

स्तनाच्या पेशींतही हे ग्राहक प्रथिन असतं. इतकंच नव्हे, दुसरा संस्कार करणारं एन्झाइमही त्या पेशींकडे स्वतःचं असतं. मूत्रपिंडावर अवलंबून न राहता त्या आपल्यापुरतं कॅल्सिट्रायॉल बनवू शकतात!

या द्रव्याचा कर्करोगाशी संबंध प्रयोगशाळेत दिसला तो 1981 साली. अमेरिकेत के कोल्स्टन आणि डेव्हिड फेल्डमन यांच्या गटानं मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर कॅल्सिट्रायॉल घातलं आणि त्यांची वाढ मंदावली. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी उंदराच्या रक्तकर्करोगाच्या पेशींवर ते वापरलं, तर त्या अर्धवट पेशी चक्क प्रौढ पेशींसारख्या वागू लागल्या.

मग माणसांकडे पाहणं आलं. टोरांटोमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या 512 रुग्णांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानाच्या वेळी ज्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता होती, त्यांच्यात आजार दूरवर पसरण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. कॅलिफोर्नियातल्या 1,666 रुग्णांच्या 2017 मधल्या अभ्यासातही, पातळी सर्वांत जास्त असलेल्या गटात मृत्यूचा धोका सर्वांत कमी असलेल्या गटापेक्षा सुमारे 28 टक्के कमी होता.

पण चांगली पातळी आणि चांगलं आयुष्य सोबत दिसलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. जी बाई रोज चालते, उन्हात जाते, जिचं वजन आटोक्यात असतं, तिची पातळी मुळातच बरी असते. खरं-खोटं कळायला चिठ्ठ्या टाकून काहींना गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी द्यावी लागते. अमेरिकेत 25,871 निरोगी लोकांवर असा प्रयोग झाला. रोज 2,000 युनिट सुमारे पाच वर्षं घेऊनही कर्करोग होण्याचं प्रमाण घटलं नाही, स्तनाच्या कर्करोगाचंही नाही. निदान झालेल्यांबद्दल एक आशादायक निकाल ब्राझीलच्या बोतुकातू शहरातून आला आहे. शस्त्रक्रियेआधी केमो घेणाऱ्या 80 स्त्रियांपैकी ज्यांना रोज 2,000 युनिट दिले, त्यांच्यातल्या 43 टक्क्यांची गाठ पूर्ण विरली. पोकळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 24 टक्के होतं. निकाल मोलाचा आहे, पण 80 हा आकडा फार लहान आहे. अशा प्रयोगाची मोठ्या संख्येवर खात्री व्हावी लागते.

काचेच्या बशीत इतकं प्रभावी दिसणारं हे द्रव्य शरीरात कमी का पडत असावं? याचा एक धागा थक्क करणारा आहे. कॅल्सिट्रायॉलचं काम संपलं की ते मोडून टाकणारं एक एन्झाइम पेशीत असतं. स्तनाच्या काही गाठींमध्ये या एन्झाइमच्या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या आहेत. थांबण्याची सूचना पोहोचण्याआधीच ती मोडण्याची सोय गाठीकडे असते.

हाडांच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. पाळी गेलेल्या अनेक स्त्रियांना उपचारानंतर काही वर्षं लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल घ्यावं लागतं. ही औषधं शरीरातलं इस्ट्रोजेन जवळपास संपवतात आणि त्यामुळे हाडं झिजतात. हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं, तर आधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकरीत्या उतरू शकतं. कित्येक बायकांसाठी म्हणूनच हे जीवनसत्त्व उपचाराचाच भाग असतं.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारं 60,000 युनिटचं पाकीट म्हणजे प्रत्यक्षात अवघं दीड मिलिग्रॅम द्रव्य. इतक्याशा वजनात एवढी ताकद आहे, म्हणूनच ते मनानं घ्यायचं नसतं. जास्तीचं ड जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग मळमळ, सतत तहान, मूत्रपिंडाला इजा. कर्करोग हाडांत पसरला असेल तर कॅल्शियम आधीच चढलेलं असू शकतं, आणि तिथे हेच पाकीट घात करू शकतं.

तेव्हा निदान झालं असेल, तर शेजारणीनं सांगितलं म्हणून पाकीट फोडू नका आणि भीतीपोटी टाळूही नका. रक्तातली पातळी आणि कॅल्शियम तपासून घ्या, घेत असलेली प्रत्येक गोळी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगा आणि त्यांनी ठरवलेलाच डोस घ्या. ड जीवनसत्त्व उपचाराच्या जोडीला घ्यायचं आहे, उपचाराच्या जागी नाही.