नीलम : शनीचा खडा

ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर सराफाकडे नीलम मागितला, की पुष्कळदा आधी पत्रिकेचा विषय निघतो. नवरत्नांत हा खडा शनीचा. साडेसाती असली की तो मधल्या बोटात घालायचा आणि त्याआधी काही रात्री उशाशी ठेवून स्वप्नं कशी पडतात ते पाहायचं, अशी जुनी समजूत आहे. ही श्रद्धेची बाजू झाली; रत्नाच्या परिणामाला शास्त्रीय पुरावा नाही.

नीलम म्हणजे कुरुविंद, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यातल्या लोह आणि टायटॅनियमच्या अंशांमुळे निळा रंग येतो. मोहस मापावर त्याचा कठीणपणा 9, हिऱ्याच्या खालोखाल. काश्मीरच्या पाडर भागात 1881 च्या सुमारास सापडलेला मखमली निळा नीलम आजही सर्वोत्तम मानतात. आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे खनिजही गडद निळं, पण त्याचा कठीणपणा जेमतेम 3 ते 4. ते संग्राहकांच्या कपाटातच शोभतं.

खरेदी करताना खडा भिंगाखाली धरा. आत रेशमासारख्या बारीक सुया किंवा सरळ रंगपट्टे दिसले, तर तो नैसर्गिक असण्याची शक्यता वाढते. गोल बुडबुडे किंवा वक्र रेषा दिसल्या, तर काच किंवा कृत्रिम नीलम असण्याची शंका घ्या. बाजारातले बरेच नीलम तापवून रंग खुलवलेले असतात. ते गैर नाही, पण तसं बिलावर लिहून घ्या. महागडा खडा प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय मुळीच घेऊ नका.