फोडणीचा धूर आणि खरी आग



आरोग्य आणि अर्थ या पानावर एका सॉफ्टवेअरवाल्याचा लेख पाहून आपल्याला थोडे नवल वाटेल. मी डॉक्टर नाही, सी.पी.ए.ही नाही. पण गेली काही वर्षे मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची व्यवस्था माझ्याकडे आहे, आणि त्या कामात माझ्या हातून दोन चुका झाल्या. एकदा मी बोलायला हवे होते तेव्हा गप्प बसलो आणि एकदा दुसऱ्याला बोलू दिले नाही. खोटी माहिती काढून टाकावी की बोलण्याचे स्वातंत्र्य जपावे, हा वाद हल्ली सगळीकडे चालतो. तो मला या दोन चुकांमुळे समजला, म्हणून त्या सांगतो.

पहिली चूक : दुधीचा रस

एका उन्हाळ्यात ग्रुपवर निरोप आला : "एकवीस दिवस रोज सकाळी दुधीचा रस घ्या, बी.पी.ची गोळी सुटेल. रस कडू लागला तर उत्तमच, कडू तेवढे गुणकारी!" मी वाचला, हसलो आणि सोडून दिला. सगळी मोठी माणसे आहेत, ज्याला जे पटेल ते तो करील, असा विचार केला. आठवडाभराने आपल्यातलेच एक काका परसातल्या दुधीचा कडू रस पिऊन उलट्यांनी बेजार झाले आणि रक्तदाब घसरल्यामुळे त्यांना इमर्जन्सीत न्यावे लागले. सुदैवाने ते बरे झाले.

दुधी, काकडी, पडवळ या वर्गातल्या भाज्यांत क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. एरवी त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण एखाद्या फळात ते फार वाढते आणि मग तो रस विषारी ठरतो. त्यावर उतारा नाही, फक्त लक्षणांवर उपचार करता येतात. भारतात अशा रसाने माणसे दगावली आहेत, आणि इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या तज्ज्ञ समितीने सांगितले आहे की रस काढण्याआधी दुधीची लहानशी फोड चाखून पाहावी आणि कडू लागली तर तो दुधी टाकून द्यावा. म्हणजे निरोपातले एकच वाक्य, "कडू तेवढे गुणकारी", नेमके उलटे होते. आणि मी ते तसेच राहू दिले होते.

दुसरी चूक : हिंडालियमची कढई

दुधाने तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. मी ग्रुपवर फक्त व्यवस्थापकांनाच लिहिता येईल अशी सोय करून टाकली. इतरांनी निरोप मला पाठवायचा, मला योग्य वाटला तर मी तो पुढे टाकायचा.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एका काकूंनी लिहून पाठवले : "हिंडालियमच्या भांड्यांत शिसे असते, त्यात स्वयंपाक करू नका." खाली ना नाव, ना गाव. मला वाटले, दुधीचीच दुसरी आवृत्ती. बाजूला ठेवला. चार दिवसांनी बातमी माझ्या वाचनात आली : अमेरिकेच्या एफ.डी.ए.नेच इशारा दिला होता की ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियमसारख्या मिश्रधातूंच्या काही आयात भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते. शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत घातक. आपल्या ग्रुपमध्ये रांगत्या मुलांची किती घरे आहेत ते आपण जाणताच. काकूंना फोन केला तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, मी खरं सांगत होते आणि तू मला दुधीच्या पंक्तीला बसवलंस."

कायदा काय म्हणतो?

ग्रुपला कुलूप लावले तेव्हा एक मित्र चिडून म्हणाला होता, "ही अमेरिका आहे. इथे फर्स्ट अमेंडमेंट आहे!" आहे, पण ती १७९१ ची दुरुस्ती सरकारचे हात बांधते. खासगी कंपनीला किंवा मंडळाला आपल्या ओसरीवर कोणी काय बोलावे हे ठरवता येते.

मग ओसरीवर कोणी खोटे बोलले तर जबाबदार कोण? १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीवर खटला झाला. कंपनी ग्राहकांचा मजकूर तपासत नव्हती, म्हणून ती सुटली. १९९५ मध्ये प्रॉडिजी ही कंपनी मात्र न्यूयॉर्कच्या न्यायालयात अडकली, कारण ती आक्षेपार्ह मजकूर काढत असे. जो झाडू मारतो त्यालाच दंड, असा हा न्याय झाला! म्हणून काँग्रेसने १९९६ मध्ये कलम २३० आणले. लोकांनी लिहिलेल्या मजकुराचे प्रकाशक म्हणून कंपनीला धरायचे नाही, आणि तिने सद्‌हेतूने आक्षेपार्ह मजकूर काढला तरी त्यासाठीही धरायचे नाही. कायदा त्यांना मुभा देतो. ती शहाणपणाने कशी वापरायची, हे मात्र सांगत नाही.

थोडे गणित

इथे माझा धंदा उपयोगी पडतो. समजा, एका दिवसात दहा लाख निरोप आले आणि त्यांतले शंभरात एक, म्हणजे दहा हजार, खोटे आहेत. आपण असा प्रोग्रॅम लिहिला की जो खरे असो वा खोटे, शंभरात नव्याण्णव वेळा बरोबर ओळखतो. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू! आता पाहा. दहा हजार खोट्यांपैकी ९,९०० पकडले गेले. पण नऊ लाख नव्वद हजार खऱ्या निरोपांपैकीही शंभरात एक चुकून अडकला, म्हणजे तेही ९,९००. काढून टाकलेल्यांत निम्मे निर्दोष!

घरातला स्मोक अलार्म आठवा. आपण मोहरी-हिंगाची फोडणी घातली की तो कोकलतो. वैतागून आपण बॅटरी काढून ठेवतो, आणि खरी आग लागली तर तो मुका. अलार्म हळवा केला की फोडणीलाही ओरडतो, मठ्ठ केला की आगीलाही गप्प बसतो. दोन्ही चुका एकदम शून्य करणारा अलार्म कोणी बनवलेला नाही. दुधीच्या वेळी माझा अलार्म मुका होता, कढईच्या वेळी फार हळवा.

मोठ्यांचीही हीच गत. कोविडचा विषाणू मानवनिर्मित आहे असे म्हणणारा मजकूर फेसबुकने फेब्रुवारी २०२१ पासून काढायला सुरुवात केली, आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला, कारण उगमाचा प्रश्न शास्त्रज्ञांतच खुला होता. उलट ट्विटरने नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविडविषयीच्या खोट्या माहितीचा नियम लागू करणेच थांबवले. लंबक एकदा इकडे, एकदा तिकडे.

आपल्या महाराष्ट्रातच दोन्ही टोके

या दोन चुकांची किंमत केवढी होऊ शकते हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

दुसरे टोक धुळे जिल्ह्यातले राईनपाडा. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले.

पालघरला फोडणीच्या धुराला आग समजले गेले, राईनपाड्याला आग लागली तरी घंटा वाजली नाही. खरे-खोटे सरकारनेच ठरवावे हा उपायही सोपा नाही. सरकारी कारभाराबद्दलची खोटी माहिती सरकारच्याच फॅक्ट-चेक युनिटने ठरवायची, ही केंद्राची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

व्हॉट्सॲपचे निरोप कुलूपबंद असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. म्हणून कंपनीने मजकुराला हात न लावता वेग कमी केला. २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल असे केले, २०१९ मध्ये तोच नियम जगभर लावला. २०२० पासून अनेकदा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. कोणाची जीभ कापली नाही, फक्त कर्ण्याचा आवाज कमी केला. मला यातच शहाणपण दिसते. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण आपले बोलणे शंभर घरांत विनाविलंब पोहोचावे असा हक्क कोणालाच नाही.

तर आपण काय ठरवले?

काका, काकू आणि मी एकत्र बसलो आणि चार नियम केले. ग्रुपचे कुलूप काढले आहे.

१. औषध बंद करा, अमुक प्या किंवा अमुक ठिकाणी पैसे गुंतवा असे सांगणारा निरोप टाकण्याआधी मूळ कोणाचे, हे लिहावे. "एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले" हे मूळ नव्हे.

२. मूळ नसेल तर मी निरोप लगेच पुसणार नाही, खाली "खात्री झालेली नाही" असे लिहीन. जिवाला किंवा पैशाला तातडीचा धोका असेल तरच काढीन, आणि का काढला ते सर्वांसमोर सांगेन.

३. माझा निर्णय चुकीचा वाटला तर काकूंकडे दाद मागता येईल. त्यांचा शब्द शेवटचा.

४. चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत.

या नियमांनी चुका थांबणार नाहीत, पण झालेली चूक लपून राहणार नाही. गेल्या महिन्यात ग्रुपवर पुन्हा कोणीतरी दुधीचा रस टाकला. मी लिहायला घेतले, तोवर काकांचे उत्तर येऊन पोहोचले होते : "आधी फोड चाखा. कडू असेल तर टाकून द्या. हे मी स्वतःच्या पोटावरून सांगतो आहे."

मूळ दिलेले होते. मी तो निरोप ग्रुपवर सर्वांत वर टाचून ठेवला आहे.