ओढ्यांतला मासा आणि मोटारीचें चाक

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यांत, सिअ‍ॅटल शहराच्या पश्चिम भागांत लाँगफेलो नांवाचा एक ओढा आहे. तो इतका लहान कीं आपल्याकडे त्याला कोणी नांवहि दिलें नसतें. घरांच्या परसांमागून आणि एका गोल्फच्या मैदानाच्या कडेनें तो वाहत जातो, आणि शेवटीं जमिनीखालच्या नळांत शिरून ड्युवामिश नदीच्या मुखाशीं खाडीला मिळतो. मुलाच्या बिऱ्हाडीं बेलव्ह्यूस राहण्याचा योग आला असतां, कार्तिकांतील एका पावसाळी सकाळीं नातवानें मला तेथें नेलें. "आजोबा, तुम्हांला सॅमन दाखवतों," असें त्यानें दोन दिवस घोकलें होतें.

मासा दिसला, परंतु नातवाला दाखवावयाचा होता तसा नव्हे. हातभर लांबीची कोहो जातीची एक मादी पाण्याच्या वरच्या थरांत गोल गोल फिरत होती. तोंड उघडें, पर ताठ पसरलेले. मध्येंच कुशीवर कलंडावें, पुन्हां सावरावें, असें तिचें चाललें होतें. थोड्याच वेळांत हालचाल थांबली. मेलेल्या माशांची नोंद ठेवणारे स्वयंसेवक या दिवसांत ओढ्यावर हिंडत असतात. त्यांतील एका वृद्ध बाईंनीं तिला काठावर घेऊन सुरीनें पोट चिरलें. आंत नारिंगी अंडीं गच्च भरलेलीं होतीं. परतीच्या वाटेवर नातू एक शब्द बोलला नाहीं. आमच्या घरीं मासा कधीं शिजला नाहीं. तरीहि त्या अंड्यांचें दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हालेना.

कोहोचें आयुष्य सुमारें तीन वर्षांचें. ओढ्यांत जन्म, वर्षभराहून अधिक काळ गोड्या पाण्यांत वाढ, मग समुद्र, आणि अखेरीस जन्मस्थळीं परत येऊन अंडीं घालणें व मरणें. तेव्हां ओढ्यांत मासा मरणें ही दुःखाची गोष्ट नव्हेच. तें त्याचें ठरलेलें मरण. अंडीं घालण्यापूर्वीं मरणें हा मात्र खरा अपमृत्यु होय, कारण त्यांत पुढची पिढीहि जाते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत सिअ‍ॅटलच्या नागरिकांनीं मोठ्या हौसेनें आपले ओढे साफ केले, काठीं झाडें लावलीं, अडथळे काढले. मासे परत आले. आणि आलेले मासे, कांहीं ओढ्यांत तर बहुतेक सर्व मासे, अंडीं न घालतांच मरूं लागले.

कारण शोधण्यास वीस वर्षें लागलीं. पाण्याची उष्णता, प्राणवायूची उणीव, रोग, बागांवर फवारलेलीं औषधें हीं सर्व एकामागून एक तपासून बाजूस सारलीं गेलीं. मग हमरस्त्यावरून वाहून आलेलें पावसाचें पाणी पिंपांत भरून त्यांत मासे सोडले. ते कांहीं तासांत मेले. त्या पाण्यांत सांपडणारे धातु व तेलांचे अंश स्वच्छ पाण्यांत मुद्दाम मिसळून पाहिले, तर मासे जगले! म्हणजे मारेकरी तिसराच कोणी होता. टॅकोमा येथील प्रयोगशाळेंत वॉशिंग्टन विद्यापीठाचे झेन्यू तिआन, एडवर्ड कोलोजीज आणि त्यांचे सहकारी, तसेंच वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या जेनिफर मॅकिंटायर, या मंडळींनीं मोटारीच्या टायरचा कीस पाण्यांत भिजत घातला. त्या पाण्यानें मासे मेले. पण त्या काढ्यांत दोन हजारांवर द्रव्यें. भाजींतून खडा निवडावा तसें एकेक द्रव्य वेगळें करीत ते एका संयुगापाशीं आले. त्यांत कर्बाचे १८, उद्‌जनाचे २२, नत्राचे २ व प्राणवायूचे २ अणु होते, आणि टायरमध्यें घालावयाच्या द्रव्यांच्या कोणत्याच यादींत तें नव्हतें. उलगडा असा झाला कीं, यादींत नांव होतें तें त्याच्या आईचें. टायरच्या रबरांत ६-पीपीडी नांवाचें एक द्रव्य घालतात, त्याचे उद्‌जन-अणु २४. हवेंतील ओझोन वायु रबराला तडे पाडतो. ६-पीपीडी स्वतः पुढें होऊन तो ओझोन अंगावर घेतें व रबर वांचवितें. या झटापटींत त्याचें जें रूपांतर होतें तेंच हें विष, ६-पीपीडी-क्विनोन. हा शोध डिसेंबर २०२० मध्यें 'सायन्स' नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पुढील मोजणीनुसार लिटरभर पाण्यांत अवघे ९५ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या कोट्यंशाच्या जवळपास, एवढें तें असलें कीं निम्मे कोहो मरतात. त्यांचाच भाऊबंद चम सॅमन त्याच पाण्यांत खुशाल पोहतो. असें कां, हें कोडें सुटावयाचें आहे.

आतां हें पाणी ज्यांच्या अखत्यारींत येतें त्यांच्याकडे वळूं. वॉशिंग्टन राज्याचें डिपार्टमेंट ऑफ इकॉलॉजी हें खातें १९७० सालचें. संघराज्याचा स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ सालीं झाला, त्यांत १९८७ च्या दुरुस्तीनें शहरांतील पावसाळी गटारेंहि आलीं, आणि या राज्यांत त्या कायद्याखालचे परवाने देण्याचें काम या खात्याकडे आहे. सिअ‍ॅटल व टॅकोमा हीं शहरें आणि किंग, पिअर्स, स्नोहोमिश व क्लार्क हे परगणे यांना सर्वांत कडक परवाना; लहान गांवांना कांहीसा सौम्य. आपले पावसाळी नळ कोठें उघडतात, त्यांतून काय वाहतें, नवें घर वा रस्ता बांधतांना पाणी जागच्या जागीं कसें मुरवावें, याचा हिशेब नगरपालिकेनें खात्याला द्यावयाचा; आणि खात्यानें नियमांची जाडजूड पोथी व कामासाठीं पैसे द्यावयाचे.

उपाय मात्र इतका घरगुती आहे कीं ऐकून हसूं यावें. साठ भाग वाळू आणि चाळीस भाग कुजलेलें खत! मासे मारणारें तेंच हमरस्त्याचें काळें पाणी या मिश्रणाच्या थरांतून झिरपविलें आणि त्यांत कोहो सोडले. एकहि मेला नाहीं. म्हणून रस्त्याच्या कडेला उथळ खळगे करून त्यांत हें मिश्रण व पाणथळ झाडें घालतात, त्यांना तिकडे पाऊसबागा म्हणतात. २००१ मध्यें सिअ‍ॅटलच्या उत्तर भागांत एक साधी गल्ली वळणदार व अरुंद करून दोहों बाजूंस अशा बागा केल्या; तेथून बाहेर वाहणारें पाणी ९९ टक्क्यांनीं घटलें. १९३२ च्या प्रसिद्ध ऑरोरा पुलावरचें पाणी पूर्वीं सरळ खालच्या कालव्यांत, सॅमनच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच पडे. आतां त्यांतील बरेंचसें पुलाखालच्या बागांतून जातें. मीं ती जागा पाहिली. शेजारीं कचेऱ्यांतील मंडळी फराळाचे डबे उघडून बसलीं होतीं, आणि तें हिरवळीचें कुंपण काय काम करीत आहे याची त्यांतील कितीकांना कल्पना असेल याची मला शंकाच वाटली.

परंतु माझ्या मतें या सर्व व्यवस्थेंत एक मोठी उणीव आहे. परवान्यांचा खरा जोर नव्या बांधकामावर. आणि विष येतें तें बहुतांशीं जुन्या रस्त्यांवरून. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं डांबर घातलेले मैलोगणती रस्ते एकेक बाग करून कधीं आटोपावयाचे? तोंवर ओढ्यांतले मासे वाट पाहणार आहेत काय? ही घाई तेथील मूळच्या जमातींनीं ओळखली. १८५४-५५ च्या तहांनीं त्यांनीं आपली भूमि दिली, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ सालीं न्यायमूर्ति बोल्ट यांनीं निम्म्या माशांवर त्यांचा हक्क मान्य केला. २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत मतें समसमान पडल्यानें खालच्या न्यायालयाचा निर्णय कायम झाला, आणि माशांची वाट अडविणाऱ्या रस्त्यांखालच्या मोऱ्या राज्याला बदलाव्या लागल्या. हक्क आहे पण मासाच नाहीं, तर तो हक्क कागदाचा! २०२३ मध्यें युरोक, पोर्ट गँबल स्क्लालम व पुयॅलप या जमातींनीं टायरमधील ६-पीपीडी बंद करावें असा अर्ज संघराज्याकडे केला, आणि तो त्याच वर्षीं विचारार्थ स्वीकारला गेला. टायरवाल्यांचें म्हणणेंहि अगदींच टाकाऊ नाहीं: पर्यायी द्रव्य ओझोनपुढें टिकलें नाहीं तर भर वेगांत टायर फुटेल, आणि मग माशांऐवजीं माणसें जातील.

यावर हवामानाच्या पालटाची भर. सिअ‍ॅटलमध्यें वर्षभरांत सुमारें ३९ इंच पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पडला होता, हें मीं मुलाच्या मित्रांना सांगितलें तेव्हां त्यांना तें खरें वाटेना. सिअ‍ॅटलचा पाऊस रिपरिप्या. गटारेंहि त्याच मापाचीं. आतां तो एकदम कोसळूं लागेल व डोंगरांवरचें हिम घटेल असें शास्त्रज्ञ सांगतात. जून २०२१ मध्यें त्या थंड शहरांत पारा १०८ अंश फॅरनहाइटला पोंचला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत नूकसॅक नदीनें उत्तरेकडील सुमास गांव बुडविलें. गेल्या शतकांतील पावसाचे तक्ते पाहून नळांचा व्यास ठरविणें म्हणजे मुलाला बारशाचें अंगडें मुंजींत घालणें! म्हणून इकॉलॉजी खात्यानें इतर खात्यांसह २०१२ ची हवामानविषयक योजना २०२४ मध्यें नव्यानें मांडली. पैशासाठीं २०२१ चा कायदा आहे: मोठ्या कारखान्यांनीं व तेल विकणाऱ्यांनीं सोडलेल्या धुराला मर्यादा, आणि त्या मर्यादेंतील परवान्यांचा फेब्रुवारी २०२३ पासून लिलांव. हा लिलांव याच खात्याच्या हातीं आहे.

त्यामुळें पेट्रोल महागलें अशी हाकाटी झाली, आणि आमच्या मुलाच्या घरांतहि दोन पक्ष पडले. सूनबाईंना रोज दूरवर मोटार हांकावी लागे, त्या कायद्याच्या विरुद्ध, चिरंजीव बाजूचे. नोव्हेंबर २०२४ मध्यें कायदा रद्द करावा काय यावर लोकमत घेतलें गेलें, तेव्हां शेंकडा ६२ च्या सुमारास मतें कायदा राखण्याकडे पडलीं. सूनबाईंनीं मत कोणाला दिलें हें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि विचारण्याची माझी छाती झाली नाहीं.

हल्लीं नातवाचें पत्र येतें त्यांत ओढ्याची बातमी असते. घराच्या पन्हळीखालीं त्यानें आईच्या मदतीनें खळगा खणला आहे, वाळू व खत मापून घातलें आहे. "आजोबा, आपल्या गाडीचें पाणी आतां आपल्या बागेंत," असें तो लिहितो. शेजाऱ्यांच्या तीन गाड्या मात्र अजून रस्त्यावरच उभ्या असतात, आणि त्यांना कसें सांगावें हें त्यानें मला विचारलें आहे. मीं उत्तर अजून धाडलेलें नाहीं.