साल नसलेली अक्षरे

वैनगंगेच्या काठी, जुन्या तटाच्या आडोशास वसलेल्या पवनी गावात भंडारा जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाचे दप्तर जमिनीखाली पडून होते. परंतु ह्या दप्तरास तारीख घालण्याचा रिवाज नसल्यामुळे, कागद हाती येताच प्रथम चंद्र (म्हणजे चांद्र तारीख) आणि साल शोधू पाहणाऱ्या आम्हां मोडीवाचकांची तेथे मोठी पंचाईत होते.

येथील रूपिअम्माचा स्तंभलेखच घ्या. प्राचीन लेखांचे अभ्यासक महामहोपाध्याय मिराशी ह्यांनी उजेडात आणलेल्या ह्या एका ओळीत हा ‘छायाखंभो’ म्हणजे छायास्तंभ महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचा, एवढीच हकीकत आहे. कोणाचे राज्य, कोणता संवत, कोणती तिथी ह्यांचा उच्चार नाही. ओला कागद दगडावर चिकटवून, कुंचल्याने ठोकून, वर शाईचे बोळे फिरवून ठसा उतरला की मग अक्षरांच्या अंगलटीकडे पाहावे लागते: अशोककाळी ज्या ‘म’चे पोट वाटोळे होते, ते पुढे त्रिकोणी होत गेले, उभ्या रेषांस माथे फुटले, आणि अशा खुणांवरून हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास बसविला जातो. ‘सुमारास’ हा शब्द मात्र वाचकाने विसरू नये. लेखकाचा हात म्हातारा असेल तर त्याचे वळणही जुनेच असणार. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ह्यांनी जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा स्तूपाचे अवशेष आणि ब्राह्मी लेख ह्यांच्या जोडीला मातीच्या थरांचीही साक्ष मिळाली, हे त्या कामाचे मोल.

बायझंटाइन साम्राज्यातील शिशाच्या मुद्रा वाचणाऱ्यांची गत निराळी नाही. सांडशीसारख्या हत्याराने दाबलेल्या त्या चकत्यांवर नाव आणि हुद्दा असतो, साल क्वचितच. सातव्या-आठव्या शतकांतील जकातदारांच्या काही मुद्रांवर वर्ष आढळते, पण ते पंधरा वर्षांच्या आवर्तनातले. आपल्या साठ संवत्सरांप्रमाणे ते फिरून फिरून येते, आणि कोणती फेरी हे शेजारच्या बादशहाच्या चेहऱ्यावरून ठरवावे लागते.

आमच्या विदर्भातील वाकाटक राजांच्या ताम्रपटांची गोष्ट ह्याच जातीची. पत्रे ओवलेल्या कडीस जडविलेल्या प्रवरसेन द्वितीयाच्या मुद्रेवर चार ओळींचा अनुष्टुभ श्लोक असतो, प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर इवलीशी चौकोनी पेटी. आणि आत शासनात साल येते ते राजाच्या कारकीर्दीचे. असा एक ताम्रपट पवनीसही मिळालेला आहे. ह्या राज्यवर्षांस शतकाचा खुंटा कोठे मिळाला? राजाच्या आजोळी. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या, हे तिच्या स्वतःच्या ताम्रपटांतूनच कळते. आणि त्या आजोबांचे लेख मात्र गुप्त संवत 61 पासून 93 पर्यंतचे, म्हणजे इसवी सन 380 ते 412 च्या सुमाराचे, रीतसर साल घातलेले आहेत.