मोठं झाल्यावर गेम का खेळायचा? (एपिसोडचा लिखित भाग)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. आजचा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी ऐकलाय: "एवढा घोडा झालास, लग्नाचं बघायला लागलोय, आणि अजून गेम?"

यावर "तुम्ही नाही का रोज मालिका बघत?" असं उत्तर देता येतं, पण त्याने फक्त भांडण वाढतं. त्यापेक्षा नीट बघू, की गेम मोठ्या माणसाला देतो काय आणि त्याच्याकडून घेतो काय.

आधी एक गल्लत दूर करू

घरच्यांच्या डोक्यात "मोबाईलवरचा गेम" म्हटलं की रमी, सट्टा, बुडालेले पैसे असं सगळं एकत्र येतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यातही हा फरक आहे: पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी, आणि ई-स्पोर्ट्सना प्रोत्साहन. आज आपण पैसे न लावता खेळायच्या गेमबद्दल बोलतोय.

गेम देतो काय?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांची एक साधी मांडणी आहे. माणसाला बरं वाटायला तीन गोष्टी लागतात: मला काहीतरी जमतंय, माझं मी ठरवतोय, आणि माझी माणसं सोबत आहेत. आता या तीन गोष्टी आपल्या रोजच्या आयुष्यात शोधा.

पहिली, जमणं. मी कोड लिहितो. आज केलेला बदल रिव्ह्यू, टेस्टिंग करत करत तीन आठवड्यांनी लोकांपर्यंत जातो, आणि तोवर मी दुसऱ्याच कशात तरी अडकलेला असतो. गेममध्ये एखादा बॉस दहा वेळा हरवतो आणि अकराव्या वेळी कळतं की हा कधी वार करणार. मेहनत केली आणि फळ समोर दिसलं. शिवाय इथे हरणं स्वस्त असतं. कामावर चूक झाली तर रात्री दोनला फोन येतो, इथे फक्त "पुन्हा खेळा" येतं. मोठेपणी चुकत चुकत शिकायला अशी जागा फारशी मिळत नाही.

दुसरी, ठरवणं. माझा दिवस ऑफिसचं कॅलेंडर ठरवतं आणि उरलेला हिंजवडीचं ट्रॅफिक. चाकणला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मित्राचा हात किती वेगाने चालणार हे लाइन ठरवते. रात्री अर्धा तास "मी डावीकडे जाणार" हे स्वतः ठरवण्यातही सुख असतं.

तिसरी, माणसं. आमचा कॉलेजचा ग्रुप आता चार शहरांत आहे. फोन केला तर "काय चाललंय?", "काही नाही रे, तू बोल", आणि दोन मिनिटांत संपलं. गेममध्ये मात्र तास-दीड तास गप्पा होतात. मध्यंतरी एक जण मॅच चालू असतानाच बोलून गेला, "माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पुढे वाढवत नाहीयेत." घरी अजून सांगितलं नव्हतं. समोर बसवून विचारलं असतं तर तो बोलला नसता. हात आणि डोळे दुसरीकडे गुंतले होते, म्हणून तोंड मोकळं झालं. ती मॅच आम्ही हरलो, पण दुसऱ्या दिवशी त्याचा रेझ्युमे चार ठिकाणी गेला होता.

मग किती तास खेळलं तर चालतं?

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. सात गेम्स, जवळपास ३९ हजार खेळाडू, सहा आठवडे. किती वेळ खेळलो हे खेळाडूंना न विचारता थेट गेम कंपन्यांच्या नोंदींतून घेतलं. निष्कर्ष असा, की तास वाढले किंवा कमी झाले म्हणून माणसाला बरं किंवा वाईट वाटण्यात फारसा फरक पडत नाही. पण "खेळावंसं वाटतं" म्हणून खेळणाऱ्यांना बरं वाटत होतं, आणि "खेळावंच लागतंय" असं वाटणाऱ्यांना तसं नव्हतं. म्हणजे घड्याळापेक्षा कारण महत्त्वाचं.

"लागतंय" कुठून येतं?

इथे मी आमच्या धंद्यातलं सांगतो. रोज किती लोक ॲप उघडतात, हा आकडा प्रत्येक कंपनी बघते. तो वाढवायला रोज लॉग-इन केल्याचं बक्षीस असतं, एक दिवस चुकला की मोडणारी स्ट्रीक असते, ठरावीक तारखेला संपणारा पास असतो. यातलं काहीच खेळ नाही, ही हजेरी आहे. ऑफिसची एक हजेरी पुरेशी नाही का?

आणि हे हाताबाहेर जाऊ शकतं. गेमिंगचा आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत आहे. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालतं, अशी त्याची लक्षणं. असं कुणाचं दिसलं तर टोमणे नकोत, डॉक्टरकडे न्या.

मग करायचं काय?

गेमची सगळी नोटिफिकेशन्स बंद करा. मग स्वतःहून आठवण आली तर खेळा. आठवण आलीच नाही, तर उत्तर मिळालं.

आणि अधूनमधून शेवट असलेला गेम खेळा. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये "राजी" काढला. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला निघते. काही तासांत गोष्ट संपते आणि गेम तुम्हाला सोडतो.

घरच्यांनी परत विचारलं, तर एकदा त्यांच्याच हातात कंट्रोलर द्या. आणि लांबच्या ज्या मित्राशी बोलणं दोन मिनिटांत संपतं, त्याला आज मेसेज करा: "रात्री एक मॅच?"

भेटू पुढच्या भागात.