तिवराला कायदा आहे, गवताला कोण?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जाणारा रस्ता राई, मुर्धे, मोर्वा या गावांवरून जातो. आजूबाजूला मिठागरं आहेत. त्यातली बरीचशी आता पिकवली जात नाहीत आणि पाऊस सरला की त्यांच्या बांधांवर नि कोरड्या कोंड्यांत गुडघाभर गवत माजतं. त्या गवतात चंडोल असतात, एखाद्या काडीच्या टोकाला गप्पीदास बसलेला असतो आणि वर कापशी घार एका जागी पंख फडफडवत, मान खाली घालून उंदीर हेरत असते. तिवरांच्या आडोशाला राहणारा कोल्हा रात्री याच मोकळ्या पट्ट्यावर पोट भरतो. संपादकांना मात्र हवा होता तो खासगी पैशातून किनारा कसा राखता येतो, यावरचा लेख. त्याचं मुंबईतलं सर्वांत ठळक उदाहरण भाईंदरला नाही, ठाणे खाडीकाठी विक्रोळीत आहे. म्हणून मी तिकडे गेले.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये विक्रोळीची जमीन लिलावात घेतली. कारखाने आणि वसाहत पश्चिमेला उभी राहिली, खाडीकडचा भाग तसाच राहिला. १९८५ पासून सूनाबाई पिरोजशा गोदरेज फाउंडेशननं तिथल्या कांदळवनाचं काम हाती घेतलं. आज सुमारे १,७५० एकर खारफुटी या राखणीत आहे आणि पक्ष्यांच्या दोनशेवर जाती तिथे नोंदल्या गेल्या आहेत.

मी रेंगाळले ती मात्र तिवराच्या मुळांपाशी. चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या शेकड्यांनी वर आलेल्या असतात. ती या झाडाची श्वासमुळं. खाजणाच्या काळ्या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून मुळांनीच वर तोंड काढलेलं. प्रत्येक काडीवर बारीक छिद्रं असतात. भरतीचं पाणी चढलं की ती बुडतात. आतला प्राणवायू झाड वापरत जातं, मुळातला दाब उतरतो आणि ओहोटीला छिद्रं उघडी पडताच बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. दिवसातून दोनदा, समुद्राच्या हिशेबानं, अख्खं रान असा श्वास घेतं. शोषलेलं जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर पडतं. उन्हात पान बोटानं पुसलं तर खरखर हाताला लागते, जिभेवर खारट चव येते.

हे कळलं की राखणदारीचा अर्थ बदलतो. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. डेब्रिजचे चार डंपर रिकामे करून भरतीचं पाणी आत-बाहेर नेणारी एखादी नाळ बुजवली की पुरे. पाणी अडून साचलं तर श्वासमुळं बुडून राहतात आणि झाड गुदमरतं. पाणी आत येणंच थांबलं तर जमीन वाळून मिठानं करपते. मग दोन-तीन वर्षांनी तिथे खारफुटी नव्हतीच, असं सांगायला माणसं तयार असतात. झाडांवर पहारा ठेवून भागत नाही, पाण्याच्या वाटांवर ठेवावा लागतो. सलग जमिनीला एकच धनी असेल आणि त्यानं मनावर घेतलं असेल, तर हे जमतं. विक्रोळीबद्दल मला मनापासून आदर वाटतो तो यासाठी. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे हे ठाऊक असूनही एका घराण्यानं चाळीस वर्षं हा शब्द पाळला आहे.

पण हा शब्द टिकणार कसा? मालकीचा कागद सरकारी प्रकल्पापुढे फार टिकत नाही. बुलेट ट्रेनसाठी विक्रोळीतल्याच गोदरेज कंपनीच्या जमिनीचं संपादन झालं आणि त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली. २०२४ मध्ये गोदरेज घराण्याची वाटणी झाली. पुढची पिढी हेच धोरण चालवेल असं मानायला जागा आहे, पण धोरण माणसांच्या मर्जीवरच उभं आहे.

खारफुटीला निदान न्यायालयाचा आधार आहे. २००५ च्या आदेशानं राज्यभर तिची तोड थांबवली आणि तिच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला मनाई केली. त्या ५० मीटरपलीकडच्या गवताला काय आहे? २०१७ च्या पाणथळ नियमांनी मिठागरं व्याख्येतूनच वगळली. २०२२ च्या दुरुस्तीनं कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे त्याला वाघाच्या रांगेतलं संरक्षण मिळालं. तो जिथे उंदीर आणि खेकडे शोधतो ती जमीन मात्र कागदोपत्री घरबांधणीसाठी मोकळी जागा ठरू शकते. मुंबईतली अडीचशे एकरांहून जास्त मिठागरं २०२४ मध्ये धारावी पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचं ठरलंच आहे. वर्सोवा ते भाईंदर किनारी रस्त्याच्या आखणीत तर हजारो तिवरंही येतात, न्यायालयाचा आधार असूनही.

एक वाट कायद्यातच आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३६सी सांगतं की एखादी व्यक्ती किंवा समाज स्वेच्छेनं वन्यजीव राखत असेल, तर राज्य सरकार ती खासगी जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. त्यानंतर जमिनीचा वापर बदलायला व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. मालकाचं मन फिरलं, वाटणी झाली, तरी जमीन बांधलेली राहते.

भाईंदरला अडचण नेमकी इथेच येते. बऱ्याच मिठागरांच्या मालकीवरून केंद्राचं मीठ खातं आणि खासगी दावेदार यांच्यात वाद आहेत. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो जमीन राखीव करायला देणार कशी? पैसे घेऊन उद्या कोणी दाता आला, तरी सही कोणाची घ्यायची हा पहिला प्रश्न असेल. जिथे जमीन निर्विवाद सरकारी आहे तिथे कलम ३६ए खाली संवर्धन राखीव जाहीर करता येतं आणि खर्चाचा वाटा खासगी निधीतून उचलता येतो. राई-मुर्ध्याच्या बाजूचा एक तरी सलग तुकडा, तिवरापासून कोरड्या गवतापर्यंत, बांधासकट आणि नाळेसकट, आधी मोजून घ्यायला हवा. तो मोजेपर्यंत डंपर थांबणार नाहीत.