मसलत आणि जमाखर्च
(सामाजिक संरक्षण : लेखांक चौथा)

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ साली जिनिव्हा येथे संमत केलेल्या २०२ क्रमांकाच्या शिफारशीतील चार हमींचे, म्हणजे आवश्यक आरोग्यसेवेचे आणि बाल्य, कार्यक्षम वय व वार्धक्य या तिन्ही अवस्थांतील किमान उत्पन्नाच्या शाश्वतीचे, स्वरूप मागील लेखांकात पाहिले. या हमींचे राष्ट्रीय धोरण एखाद्या खात्याच्या दप्तरात सिद्ध न होता संबंधितांशी विचारविनिमय होऊनच सिद्ध व्हावे, असेही ती शिफारस सांगते. महाराष्ट्राला ही रीत अपरिचित नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळांवर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्येने बसतात. परंतु एका व्यवसायापुरती शक्य झालेली मसलत सबंध राष्ट्रासाठी कशी करावी, याचे उत्तर थायलंडच्या अनुभवात शोधता येते.

तेथे २०११ ते २०१३ या काळात सरकारी खाती, कामगार व मालक यांचे प्रतिनिधी, नागरी संस्था आणि संयुक्त राष्ट्रांच्या शाखा यांनी एकत्र बसून प्रत्येक हमीखाली चालू योजनांचा तक्ता मांडला आणि त्यात दोन प्रकारची न्यूने कटाक्षाने वेगळी ठेवली. कायद्याने ज्याला धरलेच नाही त्याचे दुःख एक, आणि कायद्याने धरूनही अंमलात जो सुटला त्याचे दुःख दुसरे. पहिल्यास नवी तरतूद हवी, तर दुसऱ्यास चोख कारभार, आणि ही दोन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात मिसळली की उपाय हमखास चुकतो. २००२ पासून सार्वत्रिक आरोग्यसेवा व २००९ पासून विस्तारलेले वृद्ध-वेतन असलेल्या त्या देशात असंघटित कष्टकऱ्यांची मुले मात्र पहिल्या वर्गात सापडली; कारण बालभत्ता सामाजिक विमा निधीच्या वर्गणीदारांनाच मिळे आणि निम्म्याहून अधिक श्रमिक असंघटित क्षेत्रात होते.

तक्त्यापाठोपाठ आला हिशेब. प्रत्येक सूचनेसमोर तिचा पुढील वर्षांतील खर्च मांडला गेला, आणि मसलतीचे खरे मर्म येथेच आहे. कारण आकड्याविना केलेली मागणी ही विनवणी ठरते आणि आकड्याविना दिलेला नकार ही केवळ सबब ठरते, परंतु मागणी व आकडा एकाच पानावर आले की मागणाऱ्यास अग्रक्रम ठरवावा लागतो आणि खजिनदारास नकाराचे कारण द्यावे लागते.

२०१५ साली तेथे गरीब कुटुंबांतील नवजात अर्भकांसाठी दरमहा ४०० बाथचे अनुदान सुरू झाले. पुढे ते ६०० बाथ झाले व वयोमर्यादाही सहा वर्षांपर्यंत वाढली. मात्र दारिद्र्य सिद्ध करण्याच्या अटीमुळे काही पात्र मुले त्यातूनही निसटली, म्हणजेच पहिल्या वर्गातील न्यून अंशतः दुसऱ्या वर्गात जाऊन बसले. म्हणून तक्ता एकदा भरून दप्तरात ठेवण्याचा कागद नव्हे. प्रत्येक नव्या योजनेनंतर तो त्याच मंडळींसमोर पुन्हा मांडावा लागतो, आणि तशी तजवीज धोरणातच नसेल तर पहिल्या बैठकीचे श्रमही वाया जातात.

वृद्ध-वेतनाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न पुढील लेखांकात.